बेंदराची जोडी: मातीचा बैल नक्की कोणासाठी?

कोल्हापुरात आषाढातल्या देशी बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, घरोघरी मातीच्या बैलांची जोडी येते. ज्याच्या दावणीला बैल आहे तो आदल्या दिवशी खांदेमळणी करतो, म्हणजे बैलाचे खांदे चोळतो, सणादिवशी बैल धुतो, शिंगांना हुरमुंजाचा लाल रंग लावतो, झूल-गोंडे चढवतो आणि संध्याकाळी कर, म्हणजे पानांचं तोरण, तोडायला नेतो. ज्याच्या दारात बैल नाही तो कुंभारगल्लीतली जोडी पाटावर मांडून तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतो. शहरात आता अशीच घरं जास्त. पूजा झाली की जोडी पोरांच्या हाती जाते, तिला काड्यापेट्यांची गाडी जुंपली जाते आणि चार-आठ दिवसांत एखादं शिंग, एखादा पाय मोडतो. उरलेली माती तुळशीच्या कुंडीत जाते.

ज्या जोडीची ही गोष्ट आहे ती अशीच, पण ती घडवणारी कुंभार घरातली नाही. शिल्पकलेचं रीतसर शिक्षण घेतलेली, गंगावेशीकडे राहणारी एक कलाकार आहे. तिच्याच सांगण्यावरून नाव देत नाही. मी छोट्या कारागिरांचे हिशेब आणि कागदपत्रं बघते, त्यामुळे हे सगळं जवळून पाहता आलं. लिहून ठेवावंसं वाटलं, कारण सणाची वस्तू हाताने घडवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हाच पेच पडतो. वस्तू एकच, पण घेणारे तीन तऱ्हेचे, आणि प्रत्येकाला ती वेगळी हवी असते. माती कच्ची ठेवायची की भाजायची, रंग कोणता, किंमत किती, हे सगळं त्यावर ठरतं. तिने आधी ऑर्डर घेतली आणि हा विचार नंतर केला. मधल्या काळात पाऊस सुरू झाला.

बैल

तिचा मूळ बैल बघण्यासारखा आहे. वीतभर लांब, खिलार. सोलापूर, सांगली, साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं हे जनावर: अंगाने सडपातळ, तोंड निमुळतं, शिंगं कपाळातून निघून मागे झुकलेली आणि मग धनुष्यासारखी वर वळलेली. तिने वशिंड किंचित एका अंगाला कललेलं दाखवलं, चालत्या बैलाचं दिसतं तसं. मानेखालची पोळी दोन चुण्यांत दुमडली. एका बैलाचा उजवा पुढचा पाय उचललेला, दुसऱ्याचा डावा. दोघांना शेजारी ठेवलं की मध्ये जू नसतानाही ते एकाच जुवाला लागलेत असं वाटतं. मला विचाराल तर सगळी कला त्या दोन उचललेल्या पायांत होती, आणि पुढचा निम्मा त्रासही त्यांच्यामुळेच झाला.

सुरुवातीला ती स्वतःच्या घरासाठी एकच जोडी करायची. मग मैत्रिणींनी मागितली, शेजाऱ्यांनी मागितली. फोटो फिरत फिरत पुण्यातल्या एका भेटवस्तूंच्या दुकानापर्यंत गेला आणि तिथून बेंदरासाठी 60 जोड्यांची मागणी आली. तिने होकार दिला. हाताशी होता जेमतेम महिना. मे महिना एका अर्धपुतळ्याच्या कामात गेला होता, त्यामुळे बैलांना हात लागला तो मृग लागल्यावर.

त्या वेळी कागदावर एक साधा हिशेब मांडला असता तर पुष्कळ काही टळलं असतं. पूर्ण हाताने एक जोडी घडवून रंगवायला तिला साधारण 6 तास लागत. 60 जोड्या म्हणजे 360 तास, म्हणजे रोज 8 तास बसलं तरी 45 दिवस. पाऊस नसता तरी ते जमण्यासारखं नव्हतं.

शिंग का फुटलं

माती तिने शाडूची घेतली. गणपतीच्या कामामुळे शाडूवर हात बसलेला, आणि बारीक मातीत डोळा, नाकपुडी, वेसणीची दोरी छान उठते. लांब शिंगांना आधार म्हणून तिने आत बारीक तार घातली. पुतळ्याच्या कामात आतला सांगाडा लागतोच, त्यामुळे तारेचा विचार तिला आपोआप सुचला.

कोल्हापूरला सह्याद्री जवळ आहे. एकदा पाऊस लागला की आठवडे आठवडे हवा ओली राहते. आषाढात इथे पेपर उघडला की आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात. पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका. 2019 आणि 2021 च्या पुरांनी नदीकाठच्या वस्त्यांचं काय केलं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. अशा हवेत वीतभर लांबीचा भरीव बैल वाळतच नाही. आठवड्याने पोटाला हात लावला तर माती तशीच गार. घाई होती, म्हणून तिने पंखा लावला, वर मोठा बल्ब टांगला. दुसऱ्या दिवशी शिंगांच्या मुळाशी केसाएवढ्या भेगा दिसल्या, संध्याकाळपर्यंत त्या रुंदावल्या. उचललेल्या पायांना गुडघ्यापाशी तेच झालं.

शाहूपुरीच्या कुंभारगल्लीतल्या एका म्हाताऱ्या मामांकडे ती फुटलेला बैल घेऊन गेली. त्यांनी तो हातात फिरवून पाहिला, कपाळाचं कौतुक केलं आणि शिंगाच्या भेगेत नख घातलं.

"आत तार हाय व्हय?"

"होय मामा. लांब शिंग आहे ना, तुटू नये म्हणून."

"पोरी, तार आटत न्हाई, माती आटतीया. मग ती फुटायची न्हाई तर काय करायची? आनि बैल काय आत्ता करायचं काम हाय? आमी वैशाखातच करून माळ्यावर टाकतोय. मिरग निघाला की नुसतं रंगवायचं."

दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या. ओली माती वाळताना आखडते. आत न आखडणारी तार असली की माती तिच्यावर ताणली जाते आणि तडकते. त्यातून शिंग बारीक म्हणून आधी वाळतं, कपाळ जाड म्हणून मागे राहतं, आणि दोघांच्या सांध्यावर ओढ बसते. पंख्याने आणि बल्बने फक्त वरची कातडी वाळली, आतला गाभा ओलाच राहिला, त्यामुळे ओढ आणखी वाढली. शाडूत वाळू किंवा भुसा नसल्याने ती ओढ झेलायलाही काही नव्हतं.

मामांचे स्वतःचे बैल शेजारीच रचून ठेवलेले होते. आखूड जाड पाय, शिंगं करंगळीच्या पेराएवढी, मान नाहीच म्हटलं तरी चालेल. शिल्पकलेच्या वर्गात अशा बैलाला कोणी चांगले गुण दिले नसते. पण त्या ठेंगण्या बांध्यात पिढ्यांचं शहाणपण आहे. कुठे बारीक आणि जाड भाग अचानक भेटत नाहीत, कुठलाही भाग हवेत लटकत नाही, आणि पोराने जमिनीवर सरकवला तरी चारही पाय टेकलेले राहतात. आपण त्याला ओबडधोबड म्हणून पुढे जातो, आणि मला ते मनापासून लागतं. कोल्हापूरच्या पावसात तग धरणारा बैल कसा असावा याचं ते चोख उत्तर आहे.

तीन घेणारे

त्या संध्याकाळी आम्ही बसून घेणाऱ्यांची फोड केली.

कोल्हापुरातल्या घराला पूजेची जोडी हवी असते. ती कच्ची हवी, कारण नंतर ती मातीत किंवा पाण्यात मिसळली पाहिजे. माती भट्टीत साधारण 600 अंशांच्या पुढे गेली की तिच्यात रासायनिक बांधलेलं पाणीही निघून जातं, आणि मग ती पुन्हा कधी पाण्यात विरघळत नाही. "भाजलेली जोडी पूजेनंतर सोडायची कुठं?" हे तिच्या एका नेहमीच्या गिऱ्हाईक आजींनी विचारलं होतं, आणि त्याला उत्तर नव्हतं.

पुण्यातल्या दुकानाला काचेच्या कपाटात वर्षानुवर्षं टिकणारी शोभेची वस्तू हवी होती. तिला प्रवास झेपला पाहिजे आणि दमट हवेत बुरशी येता कामा नये. अशी वस्तू भाजल्याशिवाय होत नाही.

तिसरा घेणारा म्हणजे पोर. त्याला कोणी विचारत नाही, पण दोन्ही घरांत बैल शेवटी त्याच्याच हातात जाणार असतो. त्याच्यासाठी टोकं बोथट हवीत आणि रंग तोंडात गेला तरी बाधणार नाही असा हवा.

तिने आतापर्यंत या तिघांना एकच बैल दिला होता: पूजेसाठी शाडूचा, कपाटासाठी वार्निश मारलेला आणि दिसायला शिल्पासारखा. म्हणजे तो धड विरघळणार नाही, धड टिकणार नाही आणि खेळायला द्यायचा जीव होणार नाही. माझं मत मी तिला तेव्हाच सांगितलं: बैल दोन कर, आणि पोराचा विचार दोन्हींत ठेव.

दुकानाला तिने स्वतः फोन केला. 60 नाही, 40 जोड्या, आणि बेंदराला नाही, पोळ्याला. दुकान तयार झालं. पोळा श्रावण अमावास्येला येतो, आणि बेंदूर न पाळणाऱ्या गिऱ्हाइकांना तोच ओळखीचा. आषाढ पौर्णिमेपासून धरलं तर दीड महिना मिळाला. पण पोळ्यानंतर चौथ्या दिवशी गणेश चतुर्थी, आणि गणपतीची आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे-दागिने रंगवण्याचं बारीक काम, हे तिचं वर्षाचं मुख्य उत्पन्न. एका कारखान्याचं आखणीचं काम तिला त्या वर्षी सोडावं लागलं. ते नुकसान खरं होतं, आणि बैलांच्या पैशातून ते पूर्ण भरून निघालं नाही.

साचा आणि हात

आता प्रश्न साच्याचा. तो शब्द काढला की तिचा चेहरा उतरायचा. साच्यातून काढलं म्हणजे आपण कलाकार राहिलो नाही, असं शिक्षणातून कुठेतरी मनात बसलेलं असतं.

मी तिला टाऊन हॉल म्युझियमची आठवण दिली. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 मध्ये पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केलं, त्यात सातवाहन काळातलं शहर उजेडात आलं; तिथल्या वस्तू या म्युझियममध्ये आहेत. त्या काळातल्या दख्खनच्या मातीच्या मूर्ती दोन भागांच्या साच्यात दाबून, दोन्ही अर्धुकं जोडून केलेल्या असत, आतून पोकळ. म्हणजे इथल्या माणसाला साचा आणि कलाकुसर यांत भांडण दिसलं नव्हतं. तिला पटलं ते मात्र इतिहासामुळे नाही, भट्टीमुळे. भरीव बैल भाजला तर आतल्या ओलीची वाफ होऊन तो फुटतो. पोकळ बैल हवाच, आणि पोकळ धड हाताने घडवण्यापेक्षा दोन अर्धुकांत दाबून काढणं सरळ.

मग तिने वाटणी केली. धड साच्यातून. डोकं, वशिंड, पाय, पोळीच्या चुण्या, झूल आणि गोंडे हाताने. त्यामुळे 40 जोड्यांत कुठल्याही दोन बैलांची नजर सारखी नाही. भाजायच्या बैलासाठी शाडू बाद केली. कुंभाराची माती चाळून त्यात बारीक वाळू मिसळली आणि पोटाखाली वाफेसाठी भोक ठेवलं. आवा, म्हणजे कुंभाराची उघडी भट्टी, पावसात लागत नाही, म्हणून ओळखीच्या स्टुडिओतली विजेची भट्टी घेतली.

उचललेला पाय तिने सोडला नाही, याचा मला फार आनंद आहे. भाजक्या बैलात तो तसाच ठेवला. कच्च्या बैलात त्या खुराखाली मातीचं एक ढेकूळ आलं. नांगरटीत ढेकळावर पाय पडलाय असं दिसतं, आणि वाळताना पायाला खालून आधार मिळतो. ढेकूळ नंतर सुचलेलं आहे हे कोणाला कळणारही नाही.

शिंगांतली तार गेली. भाजक्या बैलाला कपाळात खोबणी आणि शिंगाला खालून खुंटी, दोन्ही एकाच मातीचे आणि एकाच ओलीत केलेले, म्हणजे आखडताना दोन्ही सारखेच आखडतात. शिंगं वेगळी, भुशात ठेवून पाठवायची आणि घरी डिंकाने बसवायची. टोकाला तिने मातीचीच गोल शेंबी केली. खऱ्या बैलाच्या शिंगाला पितळी शेंब्या असतात ना, तीच. टोक बोथट झालं आणि थाटही वाढला.

साचा कोणाच्या ताब्यात राहील यावर मी आग्रह धरला. एका कारखान्याने साचा मागितला होता, जोड्या काढून देतो म्हणून. प्लास्टरच्या एका साच्यावरून दुसरा साचा काढायला एक दुपार पुरते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शिल्प ही कलाकृती धरली आहे आणि हक्क आपोआप मिळतो. पण त्याच कायद्याचं 15 वं कलम बहुतेक कारागिरांना माहीत नसतं. ज्या आकाराची डिझाइन कायद्याखाली नोंदणी होऊ शकते पण केलेली नाही, त्याच्या औद्योगिक पद्धतीने 50 पेक्षा जास्त प्रती निघाल्या की त्या आकारावरचा कॉपीराइट संपतो. हातकामाला हे कितपत लागू पडतं यावर वाद घालता येईल, पण साचा परक्या कारखान्यात गेला की तो वाद आपल्या गळ्यात येतो. साचा तिच्याच घरी राहिला.

खेळणं म्हणायचं का

तिने पेटीवर छापलं होतं: सणाचं खेळणं. दुकानाने लगेच विचारलं, बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह कुठे आहे?

1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांच्या गुणवत्तेचा केंद्राचा आदेश लागू आहे. 14 वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून केलेली वस्तू बीआयएस परवान्याशिवाय विकता येत नाही. घरात बसून बैल घडवणाऱ्या बाईला प्रयोगशाळेचा तो खर्च झेपणारा नाही. पण त्याच आदेशात एक सूट आहे: हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना तो लागू नाही. दुकानाचा सल्ला सोपा होता, "खेळणं हा शब्द काढून टाका." त्या खेपेला तिने तो काढला, कारण त्या नोंदणीचं कारागीर ओळखपत्र हातात नव्हतं, आणि कपाटातली वस्तू म्हणूनच ती जोडी विकली जाणार होती. पण त्याच आठवड्यात आम्ही ओळखपत्राचा अर्ज भरला. शब्द पुसला म्हणून पोर खेळायचं थांबत नाही, हे तिलाही मान्य होतं.

सूट चिन्हातून मिळते, काळजीतून नाही, असं मला वाटतं. म्हणून रंगही बदलले. कच्च्या जोडीला खडूचा पांढरा, काव, हुरमुंज, बांधायला डिंक, वर वार्निश काही नाही. भाजक्या जोडीला डबा वाचून घेतलेला रंग. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) वर असू नये असा नियम 2017 पासून आहे, आणि चांगल्या डब्यांवर तसं छापलेलं असतं. सुटा, बिनलेबलचा चकचकीत रंग तिने कायमचा बंद केला.

पैसे

आधी ती जोडी 500 रुपयांना देत होती. आखणीला तिला दिवसाचे 1,200 मिळतात, म्हणजे तासाला 150. सहा तासांच्या जोडीची नुसती मजुरीच 900 झाली. प्रत्येक जोडीमागे ती स्वतःच्या खिशातले 400 घालत होती आणि लोक वर म्हणत होते, "कुंभारगल्लीत तर केवढी स्वस्त मिळते!"

साच्याने वेळ साडेतीन तासांवर आला. कच्ची जोडी: मजुरी 525, माती, रंग आणि मोडतोड 75, विक्री 700. भाजकी जोडी: 4 तासांचे 600, भट्टी, पेटी आणि मोडतोड मिळून 200, दुकानाला 950. दुकान पुढे कितीला विकतं ते दुकान बघेल. हे भाव कुंभाराच्या जोडीपेक्षा जास्तच आहेत, आणि मला ते योग्य वाटतात. फक्त मामांच्या जोडीला "साधी" म्हणून स्वतःची खपवायची नाही, एवढं तिने पाळलं. कोणी फारच घासाघीस केली तर ती सरळ शाहूपुरीचा पत्ता सांगते.

निकाल

पोळ्याआधी 40 पैकी 37 जोड्या पोचल्या. दोन भट्टीत गेल्या, एक रस्त्यात. सुटी शिंगं पुण्यात लोकांना आवडली. मुलं स्वतः ती बसवतात, असं दुकानाने कळवलं. कोल्हापुरात तीच युक्ती सपशेल पडली. "शिंगं न लावलेला बैल कोणी पाटावर मांडतं का?" असं प्रत्येकाने विचारलं. कच्च्या जोडीची शिंगं तेव्हापासून ती लावूनच देते, थोडी आखूड आणि मुळाशी जाड. त्यात मामांच्या बैलाची छाया दिसते आणि ती ते लपवत नाही.

ओळखपत्र पुढच्या बेंदराच्या आत आलं. "सणाचं खेळणं" पुन्हा पेटीवर छापलं गेलं.

आता धडं आणि कच्च्या जोड्या चैत्र-वैशाखातच तयार होतात आणि माळ्यावर जातात. पावसाळ्यात फक्त रंग. त्यामुळे एक नवीन दारही उघडलं: गडहिंग्लजकडून ज्येष्ठातल्या कर्नाटकी बेंदरासाठी विचारणा आली, आणि ती पुरवणं तिला सगळ्यात सोपं जातं, कारण माल उन्हात वाळलेला असतो. दुकानाने पुढच्या वर्षी 100 जोड्या मागितल्या होत्या. तिने 50 वर अडवलं, गणपतीची आखणी पुन्हा सोडायची नाही म्हणून. अडचण उरली आहे ती साच्याची. माती दाबून दाबून प्लास्टर झिजतं, बरगड्यांची रेघ बुजायला लागते. नवा साचा जुन्या बैलावरून न काढता नवीन बैल घडवूनच काढायचा, असं तिने ठरवलंय, आणि या वेळचा बैल मान वळवून जोडीदाराकडे बघणारा असेल.